प्लंबरकाका, तुमचे मनापासून आभार

प्रिय प्लंबरकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या फोंड्याच्या घरी आलात ते गळक्या नळाचा वायसर बदलायला. मे महिन्यात आम्ही सगळे मुलीकडे पुण्याला जाणार, हे बोलता बोलता निघालं आणि तुम्ही पिशवी आवरायची थांबवून विचारलंत, "मग न्हाणीतल्या ट्रॅपचं काय करणार?" घर बंद करताना गॅस, मेन स्विच, टाकीचा कॉक यांची आठवण सगळेच करून देतात. सांडपाण्याच्या वाटांची काळजी करणारे मला भेटलेले तुम्हीच पहिले.

जाळी उचलून तुम्ही ट्रॅप, म्हणजे तिच्याखालचा पाणी साठून राहणारा भाग, आणि त्यातलं पाणी दाखवलंत. सेप्टिक टँकमधली हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये एवढं दोनेक इंच पाणीच काय ते दार! उन्हाळ्यात बंद घरात ते हळूहळू उडून जातं, मग झुरळांना आणि घाण वायूंना वाट मोकळी. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, पण मिथेनला वासच नसतो, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे ते माझ्या मनावर फार ठसलं.

निघायच्या दिवशी शेवटची आंघोळ झाल्यावर मी तुमच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक जाळीत तांब्या तांब्या पाणी ओतलं. पाहुण्यांची न्हाणी, बाल्कनी, वॉशिंग मशीनजवळची जाळी, एरवी जिथं कुणी पाणी ओतत नाही तिथं आधी. वरून दोन-दोन चमचे लिक्विड पॅराफिन. ते पाण्यावर तरंगतं, पाणी उडू देत नाही आणि डासांनाही अंडी घालू देत नाही. मी खोबरेल काढायला निघाले होते, तर तुम्ही म्हणालात, खायचं तेल खवट होतं, औषधाच्या दुकानातून हेच आणा. कमोडचं झाकणही लावून घेतलं.

स्वयंपाकघरात मात्र तुम्ही खरी मेहनत घेतलीत. सिंकखाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप उघडलात आणि आत साचलेली माशांची खवलं, तेलाचा थर स्वतः धुऊन काढलात. हे तसंच ठेवून गेलो असतो तर सगळं आतल्या आत कुजलं असतं. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो, कोमट पाणी आणि साबण पुरे, हेही बजावलंत. या सगळ्याचे वेगळे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वायसरचे तेवढे घेतलेत.

परत आल्यावर दार उघडलं तर घराला बंदपणाचा थोडा वास होता, गटाराचा अजिबात नाही. सासूबाई प्रवासाने दमल्या होत्या, त्या लगेच त्यांच्या खोलीत आडव्या झाल्या आणि खोकला न येता झोपल्या. त्यासाठी तुमचे किती आभार मानू!

आता पाऊस तोंडावर आहे. गच्चीच्या पन्हळीत फणसाची पानं अडकली आहेत, तेवढी बघायला सवडीने या. आणि या वेळी जेवूनच जायचं.

तुमची,
नळवाल्या घरची वहिनी