आमच्या सौद्याचा कागद आम्हाला वाचता येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेन्सेक्स चढला की आपल्या पहिल्या पानावर बातमी येते, गडगडला की त्याहून मोठी येते. आमच्यासारख्यांची गाठ मात्र पडते ती ब्रोकरशी, म्हणजे शेअर दलालाशी. तो आपल्यासाठी नेमकं काय करतो, कशाचे पैसे घेतो आणि कायद्याने कशाला बांधलेला आहे, हे मला साठी उलटल्यावर आणि पैसे गेल्यावर समजलं. म्हणून हे पत्र.

माझे यजमान फोर्टमधल्या एका बँकेत होते. 1986 साली त्यांनी पहिले शेअर घेतले ते दलाल स्ट्रीटजवळच्या एका पेढीतून. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपून चालत जायचे. तेव्हा कागदी सर्टिफिकेट असायची, त्यांना ट्रान्सफर फॉर्म जोडलेला असायचा, आणि विकणाऱ्याची सही जुळली नाही की कंपनीकडून सगळा गठ्ठा परत यायचा. तो निस्तरायचं काम दलालाचं, आणि आमचा दलाल ते मुकाट्याने करायचा. तरीही तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. सौदा कितीला झाला हे दलाल सांगेल तेच खरं मानावं लागे. दिवसभरातला कुठला भाव आपल्याला लावला, हे पडताळायची सोयच नव्हती. 1994 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर शेअरचे सौदे स्क्रीनवर होऊ लागले, पुढच्या वर्षी मुंबई शेअर बाजारही स्क्रीनवर गेला, 1996 पासून डीमॅट आलं, म्हणजे कागदी सर्टिफिकेटांऐवजी शेअरची नोंद संगणकावर राहू लागली. आज प्रत्येक सौद्याला नंबर आहे आणि वेळ आहे, आणि ते सगळं काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकर देतो त्या सौद्याच्या पावतीवर, छापलेलं असतं. सौदा झाल्यापासून चोवीस तासांत ती नोट ग्राहकाला मिळालीच पाहिजे असा नियम आहे. दलालावर आंधळा विश्वास टाकायची गरज या एका कागदाने संपवली.

तोच कागद माझ्यापर्यंत दोन वर्षं पोहोचला नाही.

2020 मध्ये यजमान गेले. शेअर माझ्या नावावर करायचे म्हणून नवं खातं उघडलं. ब्रोकर कंपनीचा आमच्या भागातला माणूस घरी आला. पूर्वी अशांना सब-ब्रोकर म्हणत, आता ऑथोराइज्ड पर्सन म्हणतात. मुलगा बोलायला गोड, ओळखीतला. फॉर्मवर त्याने आधीच पेन्सिलीने फुल्या करून ठेवल्या होत्या. ‘काकू, इथे सही, इथे, आणि इथे.’ मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका ओळ न् ओळ वाचल्या, पण तो फॉर्म वाचला नाही. ईमेलचा रकाना त्यानेच भरला. ‘तुमचा नवीन काढून देतो, तुम्हाला त्रास नको.’ मग अधूनमधून फोन यायचा, ‘काकू, एक ओटीपी आलाय बघा.’ मी सांगायची.

2023 च्या दिवाळीत भाचा आला होता. त्याने डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून, पोस्टाने आलेलं स्टेटमेंट पाहिलं आणि विचारलं, ‘मामी, तू एवढी उलाढाल करतेस?’ यजमानांनी पंचवीस वर्षं जपलेल्या दोन कंपन्यांचे शेअर त्यात नव्हतेच. ब्रोकरकडून सगळ्या काँट्रॅक्ट नोटा मागवल्या आणि मुलुंड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतल्या. डाव्या बाजूला वेळ. 10.12 ला खरेदी, 10.40 ला विक्री. तोच शेअर दोन दिवसांनी पुन्हा. मी त्या वेळी बहुधा कुकर लावत असेन.

भाव पडला म्हणून पैसे जातात, तो बाजाराचा धर्म आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे गेले ते दलालीत. हिशेब सरळ आहे. शंभराला पन्नास पैसे दलाली धरा. पन्नास हजारांचे शेअर डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात जमा करून, घेऊन तेवढ्यालाच विकले तर येता-जाता दलाली 500 रुपये, तिच्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 90, एसटीटी म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर 100, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी साडेसात. एका फेरीला जवळजवळ सातशे. वर्षात अशा वीस फेऱ्या केल्या तर 13,950 रुपये, म्हणजे भाव एक पैसाही न हलता मुद्दलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त गेले. त्या दलालीतला वाटा त्या मुलाला मिळत होता. सौदे जितके जास्त, तितकी त्याची कमाई. सल्ला देणारा आणि सौद्यामागे पैसे मिळवणारा माणूस एकच असेल तर कुणाचं भलं आधी पाहिलं जाईल?

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, सगळे सौदे तुमच्या संमतीने झाले आहेत. तेव्हा भाच्याने शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं मार्च 2018 चं परिपत्रक काढलं. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरकडे असलाच पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. मग तो फोनचं रेकॉर्डिंग असो, ईमेल असो की सही केलेला कागद. आम्ही रेकॉर्डिंग मागितलं. त्यांच्या ऑफिसातून टाकलेल्या ऑर्डरींचं एकही निघालं नाही. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार केल्यावर त्या सौद्यांची दलाली परत मिळाली. माझ्या लॉगिनवरून झालेल्या सौद्यांचे पैसे मिळाले नाहीत, कारण ओटीपी मीच सांगितला होता. ती चूक माझी, आणि ती मला फार लागली आहे.

या निमित्ताने ज्या गोष्टी कळल्या त्या कुणीतरी आधीच सांगायला हव्या होत्या. ऑथोराइज्ड पर्सनने स्वतःच्या नावावर ग्राहकाचे पैसे घ्यायचे नसतात. त्याने जे केलं त्याला ब्रोकर कंपनी जबाबदार असते, ‘तो आमचा नोकर नाही’ हे उत्तर चालत नाही. शेअर विकताना ब्रोकरला परस्पर ते काढता यावेत म्हणून जी डीडीपीआय नावाची सही घेतात, ती ऐच्छिक आहे. ब्रोकरकडे पडून राहिलेले पैसे महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा, आपण निवडू त्याप्रमाणे, बँकेत परत यायला हवेत. आणि काँट्रॅक्ट नोट ईमेलवर पाठवायला आपली संमती लागते. कागदावर हवी असेल तर तसं मागता येतं. ती संमतीसुद्धा त्या पेन्सिलीच्या फुल्यांमध्येच होती.

सगळे ब्रोकर असे नसतात. यजमानांचा जुना दलाल ‘आज घेऊ नका, थांबा’ असं सांगून स्वतःची दलाली बुडवायचा. पण चांगला माणूस भेटेल या भरवशावर म्हातारपणची पुंजी ठेवता येत नाही.

माझी मागणी छोटी आहे. खातं उघडतानाचे हक्क आणि जबाबदाऱ्यांचे दस्तऐवज शेअर बाजारांनी मराठीत करून ठेवले आहेत. मग काँट्रॅक्ट नोट का नाही? मला आलेली प्रत्येक नोट इंग्रजीत होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. मागेल त्याला ती मराठीत मिळावी. महिनाअखेरीस प्रत्येक ग्राहकाच्या मोबाइलवर एक ओळ यावी : या महिन्यात तुमच्या खात्यावर इतके सौदे झाले, इतकी दलाली कापली. आणि साठीच्या पुढच्या ग्राहकाचा ईमेल नोंदवताना कंपनीने स्वतः फोन करून विचारावं, हा पत्ता तुमचाच ना, तो तुम्ही उघडता ना?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात मी हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिघीजणी आपापले मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. भाच्याने शिकवलं होतं तसं मी ॲपमध्ये जाऊन त्यांची नोंदवलेली माहिती उघडली. दोघींच्या खात्यावरचा ईमेल त्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई