कुंद्याचा भाव आणि चंदगडची ऑर्डर

मस्कत,
शुक्रवार

ती. सौ. अक्का व दाजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. चंदगडच्या दुकानदाराने दूध आटवून केलेला आपला बेळगावी कुंदा आठवड्याला 20 किलो मागितला आहे, किलोला 400 रुपये देणार आणि पैसे 45 दिवसांनी चुकते करणार, हे वाचून आनंद झाला. पण हिशेब लिहिण्यातच माझी नोकरी जात असल्यामुळे सुट्टीच्या दिवशीही कागद घेऊन बसलो. त्याला होकार कळवण्याआधी दोघांनी मिळून हे पत्र वाचावे.

अक्का, किलोला 250 रुपये खर्च येतो आणि 150 सुटतात, असे तू लिहितेस. गेल्या दिवाळीत मी तुझ्या कढईशेजारी बसलो होतो, तेव्हाचे आकडे मला आठवतात. म्हशीचे 10 लिटर दूध 60 रुपयांप्रमाणे 600 रुपयांचे आणि साखर 45 रुपयांची. पहाटे 5 वाजता चढवलेली कढई 8 वाजता उतरली, तेव्हा कुंदा भरला 2 किलो 600 ग्रॅम. कडेची खरवड मुलांनी उलथन्यावरून खाल्ली, ती वेगळी. दूध आणि साखर एवढेच धरले तर 248 रुपये येतात, म्हणजे तुझा आकडा खोटा नाही. पण त्यात गॅसचे 100, खोक्यांचे 40 आणि तुझ्या तीन तासांचे, तासाला 100 प्रमाणे, 300 रुपये मिळवले की घाण्याचा खर्च 1,085 होतो आणि किलोला 417 रुपये पडतात. म्हणजे 400 च्या भावाने प्रत्येक किलोमागे 17 रुपये तूच त्या दुकानदाराला देणार आहेस. घरच्या बाईची मेहनत फुकट धरायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण उद्या ढवळायला माणूस ठेवावा लागला तर तो फुकट येणार नाही.

उधारीचा भाग मला त्याहून जास्त काळजीचा वाटतो. 20 किलोसाठी आठवड्याला आठ घाणे लागतील, म्हणजे दूध-साखरेलाच 5,160 रुपये. गवळी दर आठवड्याला रोख नेतो आणि दुकानदार 45 दिवसांनी देणार, तेव्हा पहिला रुपया हाती येईपर्यंत जवळपास 31,000 रुपये तुमच्या गाठीचे अडकून राहतील. मी हे पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका मित्रासोबत मी इथल्या कामगारांच्या छावण्यांना चपात्या पुरवत होतो. मागणी भरपूर होती, वहीवर नफाही दिसत होता, आणि एक ठेकेदार चार महिन्यांची बाकी ठेवून निघून गेला, तेव्हा पिठाच्या दुकानाचे पैसे मला पगारातून फेडावे लागले. घरी हे कोणाला सांगितले नव्हते. म्हणून पहिले दोन महिने रोख, नंतर फार तर आठ दिवसांची उधारी, आणि न खपलेला माल परत घेतला जाणार नाही, एवढे कागदावर लिहून घ्यावे.

लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणीही आधी करून ठेव. ती पूर्णपणे मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नकोस. ती असली की लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी ठरले असले तरी खरेदीदाराला 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत आणि काही लिहिले नसेल तर मुदत 15 दिवसांचीच असते. अर्थात, कायदा हाताशी असणे आणि पैसे हाताशी असणे यांत फरक आहे.

आता सीमेचा प्रश्न. आपल्याला बेळगावकरांना चंदगड म्हणजे शेजारचे गाव, सोयरीकसुद्धा तिकडची. पण सीमेवरची शिनोळी लागली की महाराष्ट्र सुरू होतो आणि जीएसटीच्या दृष्टीने ते परराज्य. वर्षाची विक्री 40 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, ही सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे; दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर पहिल्या किलोपासून नोंदणी घ्यावी लागते. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत विक्रीच्या 1 टक्का कर भरून मोकळे व्हा, असे कोणी सांगेल, परंतु त्या योजनेत असणाऱ्याला परराज्यात विक्री करता येत नाही. नियमित नोंदणी घेतली तर मिठाईवर 5 टक्के कर लागेल, दुधावर कर नसल्यामुळे खरेदीवरच्या कराच्या वजावटीला फारसे काही सापडणार नाही आणि एखाद्या काळात विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागेल. एका दुकानदारासाठी हा पसारा मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी खानापूर, संकेश्वर आणि निपाणी इथे आधी विचारून पाहावे. तिथे आपली माणसे आहेत आणि जिल्हाही आपलाच आहे. तिकडे महिन्याला 100 किलो जाऊ लागला, की मग चंदगडसाठी नोंदणी घेणे परवडेल.

दाजी, दुकानाच्या पाटीबद्दल तुम्ही विचारले होते. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड असणे बंधनकारक आहे, तेव्हा त्या मापाने कन्नड आणि उरलेल्या जागेत ठसठशीत मराठी, अशी पाटी रंगवून घ्यावी. वाद घालायला दुसऱ्या जागा आहेत. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यावसायिकच घ्यावा.

पुढच्या घाण्याला दूध मोजून घाला, उतरलेला कुंदा खरवडीसकट तोला आणि आकडे मला कळवा. माझे आकडे दिवाळीचे आहेत, दुधाचा भाव आता बदललाही असेल. चंदगडच्या दुकानदाराला तोवर एवढेच सांगावे, की 460 च्या खाली परवडत नाही.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ