शेजारच्या वहिनींना जाहीर थँक्यू

नमस्कार वहिनी,

घरी येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला आत पळता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

तात्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे हे आपल्या विश्रामबागेतल्या गल्लीत सगळ्यांना माहितीय. हार्मोन बंद करायची इंजेक्शनं सुरू झाली, पीएसए (रक्ततपासणीतला या कॅन्सरचा आकडा) झटक्यात खाली आला, पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते आणि मग इंजेक्शन चालू असतानाच आकडा परत चढायला लागला. पाव्हण्यारावळ्यांना तर ऊतच आला, कोण म्हणतंय इंजेक्शन डुप्लिकेट असंल, कोण म्हणतंय अमक्याचा काढा घ्या. तेव्हा तुम्ही फार्मसी कॉलेजातनं आलात त्या थेट तात्यांच्या कॉटपाशी वही घेऊन बसलात.

तुम्ही सांगितलंत, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर आक्रसतो हे चार्ल्स हगिन्सनं १९४१ सालीच दाखवलं, त्याला १९६६ ला नोबेल मिळालं, म्हणजे इंजेक्शन काय खोटं नव्हतं. पण पेशीला वाढायचा हुकूम नुसता हार्मोनच देत नाही, आत कायनेज नावाची एन्झाइम्स (पेशीतली कामं घडवून आणणारी प्रथिनं) असतात, ती दुसऱ्या रेणूंना फॉस्फेट चिकटवून त्यांना चालू-बंद करतात. पीआय३के आणि एकेटी ही त्यातलीच दोन, पीआय३के चालू झालं की एकेटी चालू, आणि एकेटी पेशीला म्हणतं वाढ, मरू नको. याला ब्रेक लावणारं पीटेन, ते फॉस्फेट काढून टाकतं. बऱ्याच जणांच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हे पीटेनच गायब असतं. वर आणि २०११ साली उंदरांवर दिसलं की पीटेन नसलेल्या गाठीत हार्मोनचा रस्ता अडवला की एकेटी जोर धरतं, आणि एकेटी अडवलं की हार्मोनचा रस्ता. हे ऐकून तात्या जन्मभर उसाला दारं धरलेला माणूस, लगेच म्हणाले, इकडचं दारं बांधलं की पाणी तिकडनं फुटणारच की! त्या दिवसापासनं काढ्याचा विषय बंद.

(पीएसए हे पण एक एन्झाइमच आणि त्याचं खरं काम वीर्य पातळ करणं, हे तुम्ही तात्यांसमोर बिनधास्त सांगितलंत तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.)

मला सगळ्यात जास्त आवडलं ते पुढचं. मी लगेच विचारलं, मग एकेटीच बंद करायची गोळी द्या की. तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. कॅपिवासर्टिब आहे म्हणालात, २०२३ ला अमेरिकेत ते स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालंय, पण इन्सुलिनचा निरोपसुद्धा याच पीआय३के-एकेटीच्या वाटेनं जातो, ती वाट अडवली की साखर वाढते, आणि तात्यांना आधीच शुगर. चांगल्या पेशींना पण तीच एन्झाइम्स लागतात, घोडं तिथंच अडतं. एवढं सरळ आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता अबिराटेरोन हे औषध चालू आहे, ते हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, कायनेजला नाही, हा फरक तात्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात, थोडं चुकवत का होईना.

खरंच थँक्यू वहिनी. आणि बायोप्सीचा जुना ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबमध्ये असेल तर त्यावर पीटेनची तपासणी करून घ्यायची का, हे पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारायचंय, तेवढा प्रश्न नीट लिहून द्या.

तुमचा शेजारी