तो बांगडा नव्हे, मॅकरेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अगो ताये, आपले बांगडे आइसलँडाक गेले म्हणान पेपरात इला हा. आता हयसर आमी काय खावचा?" पेपर आपलाच. बातमी शोधून वाचली. 'बांगडा उत्तरेला निघाला' असा मथळा आणि खाली फोटो आपल्या बाजारातल्या वाट्याचा!

मी सध्या नॉर्वेत, बर्गनला, मुलाकडे असते. बातमीतला मासा आपला बांगडा नव्हे, मॅकरेल. तो इथे उन्हाळ्यात लोक धक्क्यावर उभे राहून गळाने काढतात. शेजारच्या आजोबांनी मागच्या महिन्यात सहा आणून दिले. सवयीने आधी कल्ला उचलून पाहिला, मग पाठ. आपल्या बांगड्याच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे ठिपक्यांच्या रांगा जातात. याच्या पाठीवर काळ्या नागमोडी पट्ट्या आडव्या उतरतात. तोंड उघडलं की बांगड्याच्या घशात पिसांसारखी दाट झालर दिसते, ती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून घेण्यासाठी असते. याला तशी दिसली नाही. तिरफळं घालून तिखलं केलं, तर वर बोटभर तेल! शरद ऋतूत हा मासा इतका माजतो की वजनाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबीच असते. (इथले लोक तो टोमॅटोच्या रसातला, डब्यातला, पावावर पसरून खातात. चवीबद्दल मी बोलणार नाही.)

दोघांचं कूळ एक, पण हा अटलांटिक मॅकरेल, शास्त्रीय नाव स्कॉम्बर स्कॉम्ब्रस. आपला रास्ट्रेलिजर कानागुर्ता. आपला दोन-तीन वर्षांत आयुष्य उरकतो, हा पंधरा वर्षांहून जास्त जगू शकतो. याच्या पोटात हवेची पिशवीच नसते, त्यामुळे पोहायचं थांबला की बुडतो. बिस्केच्या उपसागरापासून आयर्लंड-स्कॉटलंडच्या पश्चिमेपर्यंत साधारण जानेवारी ते जुलै अंडी घालत वर सरकतो आणि मग खायला नॉर्वेजियन समुद्रात येतो. अंड्यात तेलाचा थेंब असतो, म्हणून ती पाण्यात वरच तरंगतात. 1977 पासून दर तीन वर्षांनी युरोपातली जहाजं ही अंडी जाळीत धरून मोजतात आणि त्यावरून समुद्रात मासे किती असतील याचा अंदाज बांधतात. गाबोळीवरून माशांचा हिशेब! हे वाचून मला फार गंमत वाटली.

आइसलँडची गोष्ट खरी आहे. 2006 मध्ये तिथे जेमतेम चार हजार टन मॅकरेल मिळाला होता, 2008 मध्ये लाखाच्या वर गेला. पाणी तापलं, खाद्याच्या शोधात मासा पसरला, असं सांगतात. मग वाटणीवरून नॉर्वे, युरोपीय संघ, फेरो बेटं आणि आइसलँड यांची भांडणं लागली. शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आकड्याहून सगळे मिळून वर्षानुवर्षं जास्त मारत आले. आता साठा घटलाय.

आपला बांगडाही वर सरकलाय, पण आपल्याच किनाऱ्याने. पूर्वी तो मुख्यतः केरळ-कर्नाटकाचा. आता गुजरातकडेही जास्त मिळू लागल्याचं केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदवलंय. त्यावर आपण कधी पानभर लिहिलंत, तर मी पहिली वाचेन.

बहिणीला मी फोनवर समजावलं. पण तिचा माझ्यापेक्षा छापील शब्दावर विश्वास जास्त. तेव्हा चार ओळींची दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास फोटोही बदलावा, ही विनंती.

आपली,
एक वेंगुर्लेकरीण, सध्या मु. बर्गन