माळ्यावरची तार खाली काढा

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली या पट्ट्यात ज्यांनी कधीकाळी गणपतीची मखरे बनवली, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे पैशांचाही विषय निघणार आहे. पण पहिला मान मखरवाल्यांचा.

2018च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर अनेक कारागिरांचा माल तसाच पडून राहिला. बंदी योग्य की अयोग्य, या वादात आम्हाला पडायचे नाही. विसर्जनानंतर खाडीच्या कडेला काय तरंगत असे ते आम्हीही पाहिले आहे. पण धंदा बंद झाला म्हणून हातातली कला थोडीच जाते? वीतभर जाडीच्या थर्माकोलमधून तापलेल्या तारेने कमळाची पाकळी एका दमात काढणारा माणूस आज पुठ्ठ्याची मखरे चिकटवतो नाहीतर रिक्षा चालवतो, आणि त्याची तारेची कमान माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे पडलेली असते. ती कमान, तिचा ट्रान्सफॉर्मर आणि तो माणूस, तिन्ही आम्हाला हवे आहेत.

विमानाचे पंख कापायला.

कोपरीतल्या एका खोलीत दर रविवारी आम्ही चौदा जण जमतो. निम्म्यांनी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला नाहीतर लेथवर आयुष्य काढले, आता निवृत्त आहेत. उरलेले कॉलेजात जाणारे. गेल्या जूनपासून त्यात कोपरी आणि लोकमान्यनगरमधली दहा शाळकरी मुले आली आहेत. आम्ही फोमची ग्लायडर बनवतो. ती रेडिओने चालवायची असतात, पण त्यांना मोटर नसते, पंखा नसतो, इंधन नसते. बॅटरी असते, पण ती फक्त सुकाणू हलवण्यापुरती. डोंगराच्या धारेवर उभे राहायचे, समोरून येणाऱ्या वाऱ्यात ग्लायडर हाताने फेकायचे आणि मग वारा असेपर्यंत वर ठेवायचे. तासभर राहते. कधी दोन तास. उडवणाऱ्याची मान आधी दुखायला लागते.

मोटर नाही तर वर कसे राहते, हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त विचारतात. पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्यांना आम्ही उलट विचारतो, तिथला धबधबा उलटा कसा उडतो? कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटतो, त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर चढतो आणि खाली पडणारे पाणी घाटमाथ्यावर परत नेऊन टाकतो. आम्ही पाण्याच्या जागी पंख ठेवतो, एवढेच. थोडा हिशेब करून पाहा. उतार तीनास एक आहे, म्हणजे तीन मीटर पुढे गेले की एक मीटर चढ. वारा सेकंदाला 6 मीटर, ताशी वीस-बावीस किलोमीटर धरा. तर उताराला लागून जाणारी हवा सेकंदाला जवळजवळ 2 मीटर वर चढते. आमचे ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला मीटरभर खाली येते, नीट बनवले असेल तर त्याहून कमी. म्हणजे ते सारखे खालीच येत असते, पण ज्या हवेतून ते खाली येते ती हवा त्याच्या दुप्पट वेगाने वर चाललेली असते. स्टेशनवर वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एखादे पोर खाली उतरायला बघते आणि तरी वरच पोचते, तसे. घारींना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. माणसाला जमले ते ऑर्व्हिल राइटला 1911च्या ऑक्टोबरमध्ये: किटी हॉकच्या वाळूच्या टेकडीवर इंजिन नसलेल्या विमानात तो पावणेदहा मिनिटे हवेत राहिला. इंजिनाचे विमान उडवून आठ वर्षे होत आल्यावर तो पुन्हा टेकडीवर आला होता, हे आमच्यातल्या म्हाताऱ्यांना विशेष आवडते.

आता फोमबद्दल, कारण मखरवाल्यांना पहिली शंका इथेच येईल. आम्ही वापरतो ते थर्माकोल नाही. दिसायला तसेच, दाण्यादाण्याचे, पण हे पॉलिप्रॉपिलीन, ईपीपी म्हणतात. मोटारीच्या बंपरच्या आत असते ते. थर्माकोल वाकवला की कटकन तुटतो आणि घरभर दाणे होतात. ईपीपी दाबले जाते आणि परत फुगते. आमच्या मुलांनी नाक जमिनीत खुपसून पाडलेली ग्लायडर झटकून पुन्हा फेकली आहेत, त्याच दुपारी. थिनरचा वास असलेला गोंद लागला की थर्माकोल विरघळतो हे तुम्हाला सांगायला नको. याला काही होत नाही. कापताना उरलेले तुकडे आम्ही पोत्यात भरून ठेवतो आणि वजन झाले की भंगारवाल्याला वेगळे देतो. खाडीत एक दाणा जात नाही.

पण हे कापायला थर्माकोलपेक्षा हट्टी आहे. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, पॉलिप्रॉपिलीन वितळायला एकशे साठ लागतात. आम्ही पहिली कमान बांधली ती जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर, 12 व्होल्टची. 0.4 मिलिमीटरच्या निक्रोम तारेला मीटरमागे पावणेनऊ ओहम रोध असतो, म्हणजे मीटरभर तारेतून जेमतेम 1.4 अँपिअर गेले. तार कोमट झाली, चार बोटे आत गेली आणि रुतून बसली. टूलरूममध्ये मायक्रॉनच्या गोष्टी करणारी सहा माणसे त्या ठोकळ्याभोवती उभी राहून तार बाहेर कशी काढायची याची चर्चा करत होती. मग दुसऱ्या टोकाला गेलो, तार लाल केली. तार दिसेल तिथे फोम पळून गेला, पंखाच्या जागी खड्डा उरला.

नुसती उष्णता जमून भागत नाही. पंख मुळाशी 30 सेंटिमीटर रुंद आणि टोकाला 18. दोन्ही बाजूंना सनमायकाचे साचे टाचणीने पक्के करतात आणि तार त्यांच्या कडेवरून दोघांनी ओढायची असते. मुळाकडच्याला लांब जायचे आहे, टोकाकडच्याला थोडे, आणि दोघांनी सुरुवात आणि शेवट एकाच वेळी करायचा. म्हणून साच्यांवर दहा-दहा खुणा करतो आणि मोठ्याने आकडे म्हणतो: एक... दोन... तीन... टोकाकडे तार सावकाश जाते, म्हणून तिथे जास्त जाळते. तापल्यावर मीटरभर तार तीन-चार मिलिमीटर लांबते. कमानीला स्प्रिंग नसेल तर तार मधे लोंबते आणि पंखाला पोट सुटते. आमच्या ग्लायडरना शेपूट नाही, नुसता पंखच. शेपटीचे काम पंखाची जराशी वर उचललेली मागची कड करते. म्हणून आकारात चूक चालत नाही. तोल पाच मिलिमीटर मागे गेला तरी ते ऐकत नाही. दोन्ही बाजूंची पोटे सारखी असती तरी निभावले असते. आमची वेगवेगळी येतात.

गेल्या दिवाळीत एक गृहस्थ सहज डोकावले. पूर्वी मखरे करायचे. आमची कमान हातात घेतली, तार बोटाने वाजवली आणि म्हणाले, ढिली आहे. मग तार फोमवर टेकवून म्हणाले, धागा बघा. कापताना मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे निघाले की उष्णता बरोबर. नाही निघाले तर तार थंड, फोम डोळ्यांदेखत मागे पळायला लागला तर जास्त. आम्ही मल्टिमीटर घेऊन चार महिने जे शोधत होतो ते त्यांनी कानाने आणि धाग्याने दोन मिनिटांत सांगितले. त्या दिवशी कापलेले दोन पंख आजही आमच्याकडचे सर्वांत सरळ पंख आहेत. नंतर ते गावी गेले. त्यांच्यासारखे आणखी कुणी आहेत का, हे विचारायलाच हे पत्र आहे.

तर मखरवाल्यांकडे मागणे असे. कमान असेल तर द्या. विकत द्या, उसनी द्या, कशीही. 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याहून आनंद. मेनच्या डिमरला थेट जोडलेली तार मात्र आणू नका. आणलीत तर आधी ती सोडवू. मुले आसपास असतात. आणि तीन रविवार द्या. चहा, वडापाव आणि रिक्षाभाडे मंडळाकडून. तुम्ही शिकवायचे, आम्ही आणि मुलांनी शिकायचे. आमच्यातले काही सत्तरीचे आहेत, त्यांनाही ओरडले तरी चालेल.

आता बाकीच्यांसाठी.

एका ग्लायडरला फोम, दोन 9 ग्रॅमचे सर्वो (सुकाणू हलवणारी छोटी यंत्रे), रिसिव्हर, छोटी बॅटरी, कार्बनची दांडी आणि धाग्याची चिकटपट्टी मिळून आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. दहा मुलांचे 35,000 रुपये. शिवाय दोन रिमोट, एक मुलाच्या हातात आणि एक शिकवणाऱ्याच्या, मधे वायर. मुलाचे चुकले की शिकवणारा एक कळ सोडतो आणि ताबा त्याच्याकडे येतो. त्यांचे 12,000. एकूण 47,000, त्यातले 19,000 आमच्याकडून जमले आहेत. 28,000 कमी आहेत. पावती मिळेल, पण आयकरात सवलत मिळणार नाही हे आधीच सांगतो. रोख नको असेल तर वस्तू द्या: बंद पडलेल्या खेळण्यातल्या कारचे सर्वो, जुनी इस्त्री (पंखावर फिल्म चिकटवायला लागते), पतंगाच्या मांज्याची फिरकी नको, पण मोडक्या छत्रीच्या फायबरच्या काड्या चालतील.

गाडीचीही गरज आहे. उडवायचे कुठे, हा प्रश्न आता सोपा राहिलेला नाही. येऊरचा डोंगर घरापासून जवळ, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आमचे काम नाही. पूर्वी बेलापूर-खारघरकडे जात असू. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025पासून विमाने उडू लागली. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही, मोटर असो वा नसो. तक्रार नाही, एवढ्या मोठ्या विमानांशी आम्ही वाद घालत नाही. आता मुरबाडच्या पुढे एका शेतकऱ्याच्या टेकाडावर जातो, त्यांच्या परवानगीने, सरकारी हवाई नकाशावर हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा पट्टा आहे हे पाहून, 120 मीटरच्या खाली आणि नजरेच्या टप्प्यात. थंडी सरली की दुपारी तिथवर खारे वारे पोचतात, शाळेच्या भूगोलातले तेच. अडीच-तीनला गवत हलायला लागते, साडेपाचनंतर सगळे निपचित. जवळपास घारीचे घरटे दिसले तर त्या बाजूला आम्ही उडवत नाही.

तिथे जायचे म्हणजे कल्याणपर्यंत लोकल आणि पुढे एसटी. चार-चार फुटांचे पंख घेऊन मालडब्यात उभे राहावे लागते. मासळीच्या पाट्यांमधून पंख नेताना एका मावशींनी विचारले होते, हा कुठल्या पक्ष्याचा? पण दहा मुले आणि दहा ग्लायडर घेऊन ते जमणार नाही. महिन्यातून एक रविवार, दुपारी बारा ते रात्री आठ, टेम्पो किंवा मोठी जीप देऊ शकेल असे कुणी असेल तर डिझेल आमचे.

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोम मऊ असला तरी साडेसहाशे ग्रॅमचे ग्लायडर वेगात अंगावर आले तर लागते. म्हणून उडवणाऱ्याच्या पुढे कुणी जात नाही, आणि टेकाडाच्या मागच्या बाजूलाही कुणी थांबत नाही. धारेवरून पलीकडे गेलेली हवा मागे गुंडाळी होऊन खाली येते आणि तिथे गेलेले ग्लायडर दगडासारखे पडते. आमची दोन तशीच पडली. एक सापडले, दुसरे करवंदीच्या जाळीत अजून असेल.

खोली रविवारी सकाळी 10 ते 1 उघडी असते. कोपरीत शिरलात की चाळीच्या फाटकावर पिवळा पंख टांगलेला दिसेल, तोच पोट सुटलेला पहिला पंख. कमान लांब असेल आणि जिन्यात वळत नसेल तर खालून हाक मारा, गॅलरीतून दोरी सोडतो.

आपले,
मंडळाच्या वतीने, चिटणीस