खंदक किती खोल हवा

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

काय बे, दिवाळीत भांडून गेलास त्याला अडीच महिने होत आले, पुण्याहून एक फोन नाही. शेवटी मीच लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदावर तरी देशील.

"आपल्याला कुणाची इंचभर जमीन नको, मग एवढी फौज कशाला पोसायची?" हे तुझं म्हणणं. तेव्हा मी नुसता आवाज चढवला, उत्तर दिलं नाही. ते डोक्यात राहिलं.

परवा कापडाचा टेम्पो उशिरा येणार होता म्हणून सकाळी भुईकोटात चक्कर मारली. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीच्या बाजूंनी खंदक, वर दुहेरी तट. शाळा बुडवून आपण तिथेच शेंगा फोडत बसायचो. खंदकाकडे बघताना वाटलं, तुझ्या मनातली फौज ही अशी आहे. खंदक कुणावर चालून जात नाही, शेजाऱ्याला त्याची धास्ती नसते. येणाऱ्याला तेवढं सांगतो, ये, पण महागात पडेल.

घरी येईपर्यंत तुझं पटलं होतं. मग १८१८ आठवलं. मे महिन्यात इंग्रजांचा सेनानी मुनरो याच किल्ल्यावर चालून आला तेव्हा पेशव्यांची फौज किल्ल्याबाहेर तळ ठोकून होती. ती मोडली आणि आठवड्याच्या आत किल्लाही गेला. तट तेवढाच जाड होता, खंदक तेवढाच खोल. पण वेढा उठवायला बाहेर कुणी उरलं नाही, तर आतल्यांनी किती दिवस कळ काढायची?

म्हणून मला वाटतं, जमीन नको असलेल्या देशालाही हद्द ओलांडून जाता येईल एवढं बळ लागतं. १९७१ घे. तेरा दिवसांत ढाका, ९३ हजार युद्धकैदी, आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य तिथून परतलंसुद्धा. नुसता खंदक असता तर त्या वर्षी सीमेवरून आलेल्या लाखो निर्वासितांचं आपण काय करणार होतो?

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. १९६२ चं चीनशी युद्ध म्हटलं की लोक नकाशा काढतात, माझं लक्ष कापडाकडे जातं. अरुणाचलच्या सीमेवर नामका चू नदीकाठी आपल्या जवानांच्या अंगावर सुती उन्हाळी गणवेश होते, पायात कॅनव्हासचे बूट. माणशी पन्नासेक गोळ्या, आणि उंची दहा हजार फुटांच्या वर. मी रोज सुती ड्रिल हाताळतो, दिगू. शाळेच्या हाफ पँटी शिवायला ते उत्तम. पण इथे सोलापुरात, जानेवारीच्या पहाटे, त्याच कापडाचा सदरा घालून मी शटर उघडायला गेलो तर हात काखेत दाबून उभा राहतो. आणि इथली थंडी ती कसली! ती पोरं तिथे बंदूक धरून २० ऑक्टोबरच्या पहाटेची वाट बघत होती.

फौज कमी होती का? डोकी मोजलीस तर देशभरात लाखांनी होती. चौक्या पुढे गेल्या होत्या, रस्ते मागे राहिले होते. गरम कपडा, खच्चर, दारूगोळा, काहीच वर पोचलं नव्हतं. विमानं होती, पण लढाऊ विमानांना हल्ल्याचा हुकूमच मिळाला नाही. हद्दीवर हक्क सांगायचा आणि तो राखायची तयारी मागाहून करायची, ही त्या वर्षीची चूक. कटिंग मास्तरला विचार, कापड यायच्या आधी ऑर्डर घेतली की काय होतं.

शेजाऱ्याशी सद्भावना ठेवली की पुरे, असंही बोलला होतास. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक तू बघितलंयस. आपल्या गावचा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, जपानी आक्रमणात त्यांच्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच गेला. चिनी लोक त्याला आजही मानतात, ते खोटं नाही. पण वीसच वर्षांनी, १९६२ मध्ये, त्या प्रेमाने एक चौकीही वाचली नाही.

कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढलं, हा तुझा हुकमी एक्का. मान्य. पण त्यांच्या डोक्यावर १९४७ च्या रिओ कराराची, म्हणजे अमेरिका खंडातल्या देशांनी एकमेकांना वाचवायच्या कराराची, छत्री होती, आणि ती धरायला अमेरिका. मला फिनलंड जास्त पटतो. पंचावन्न लाख लोक, रशियाला लागून तेराशे किलोमीटरहून लांब हद्द. एरवी फौज लहान, पण हाक दिली की दोन लाख ऐंशी हजार उभे राहतात. १९३९-४० च्या हिवाळ्यात साडेतीन महिने झुंजले, मुलूख थोडा गेला, देश राहिला. अर्थात, २०२३ मध्ये तेही नाटोत गेले. एकट्याने पुरं पडत नाही, हे त्यांनाही कळलं असणार.

तर किती हवं? आम्ही गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेतो. इथे गंमत अशी की अंगरखा आपला आणि माप शेजाऱ्याचं घ्यावं लागतं. त्याने हिशेब मांडला की घाटा दिसला पाहिजे, एवढं. परेडमध्ये छान दिसावं म्हणून घेतलेलं एकही यंत्र त्या मापात बसत नाही, तिथे मी तुझ्या बाजूने. २०२५-२६ ला संरक्षणावर ६.८१ लाख कोटी ठेवले. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनला आणि नव्या शस्त्रसामग्रीला सुमारे १.४९ लाख कोटी. पेन्शन हा म्हाताऱ्या जवानाचा हक्क आहे, कापायचा नाही. पण नव्या खरेदीचं पान तू डोळ्यात तेल घालून वाच, मास्तर आहेस ना!

होम मैदानावर गड्ड्याची जत्रा अजून आहे. आकाशपाळणा आता तुला झेपायचा नाही, पण हुरडा झेपेल. रविवारी ये, वहिनींनाही आण. शेंगाचटणी कुटून ठेवायला सांगितलीय. येताना माझी छत्री आण, दिवाळीत रागारागात तूच नेलीस.

तुझा,
वसंता