मासळीच्या गाडीचं पाणी रस्त्यावर का सांडावं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मासळीच्या टेम्पोतून गळणाऱ्या पाण्यावरून दुचाक्या घसरतात, अशी तक्रार आपल्या दैनिकात वाचली. तक्रार खरी आहे. मी वेसाव्याची कोळीण. आमचा छोटा हत्ती टेम्पो पहाटे ससून डॉकहून माल आणतो, म्हणून हे पत्र.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेवढ्या अवधीत मुलाने आणि मी गाडी दारातच दुरुस्त केली. गाडी 2012 ची, सीएनजीवरची. वरून रंग चांगला होता, पण हौद्याचा, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागाचा, पत्रा उचलला तर खालचे आडवे पट्टे बोटांनी चुरत होते. बर्फाचं खारं पाणी फटींतून उतरतं, तिथेच मुरतं आणि लोखंड खातं. मुलगा हातोडीने ठोकत गेला. चांगलं लोखंड टणटणतं, कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं की मी खडूने फुली मारायची. एकवीस फुल्या झाल्या!

वेल्डिंगआधी सीएनजीची टाकी जाणत्या मेकॅनिककडून उतरवून घेतली, बॅटरी सोडवली. घरी काम करणाऱ्याने हे मुळीच टाळू नये. टाकी उतरलीच होती, तर तिची दर तीन वर्षांची चाचणीही उरकली. कुजलेले पट्टे कापून तेवढ्याच जाडीचे नवे जोडले. मागच्या ब्रेकचे गळके व्हील सिलिंडर बदलले. पावसाळी हवेत रंगावर पांढरट वाफ धरली, म्हणून एक बाजू घासून पुन्हा रंगवली. रंग मूळचाच ठेवला. बदलला असता तर आरसी बुकातही बदलावा लागला असता.

मग हौद्यात ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा टाकला, मागच्या एका कोपऱ्याकडे थोडा उतार दिला, सगळे सांधे बुजवले. त्या कोपऱ्यातून नळी काढून गाडीखाली लोखंडी चौकटीत वीस लिटरचा कॅन बसवला. पहिल्या फेरीला माहीमपर्यंत कॅन अर्धा भरला. एवढं पाणी इतकी वर्षं आम्ही लोकांच्या चाकांखाली सांडत होतो, याची लाज वाटली.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी असतं. त्यात ही चौकट चालेल का, हे विचारायला मी दोनदा आरटीओ कार्यालयात गेले. एक जण म्हणाला चालेल, दुसरा म्हणाला काढून आणा. बाहेर एजंट म्हणाला, ‘‘ताई, पैसे द्या, मी बघतो.’’ मला तसं करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. हौदा वाढवून दुप्पट माल भरणाऱ्यांना दंड व्हायलाच हवा. पण रस्ता कोरडा ठेवणाऱ्या नळीचं आणि कॅनचं काय?

परिवहन खात्याने मत्स्यव्यवसाय विभागाला सोबत घेऊन मासळीच्या गाड्यांसाठी एक नकाशा ठरवावा. टाकी केवढी, कुठे, जमिनीपासून किती उंच, हे मराठीत छापून मासळी बाजारांत लावावं. हे पाणी ओतायला बंदरावर जागाही द्यावी.

आमचं पासिंग पुढच्या महिन्यात आहे. चौकट मी काढलेली नाही.

– एक मासळी विक्रेती, वेसावे, मुंबई